झुंबालू आणि शून्य भावाची चिपा

बर्रेरो, ५ मे

जेरुती, माझे बाई,

दोन्ही गालांचे पापे घेतले असं समज आणि आधी खाली बैस, कारण उभ्याने वाचशील तर पडशील. फोनच केला असता, पण या फोनात झुंबालू बसलाय, तोच आपला माल घरपोच विकणारा, आणि तो सगळं ऐकतो, असं समोरची सेफेरिना म्हणते. तिने म्हणे फोनजवळ नुसतं 'गुडघा दुखतो' म्हटलं, तर दिवसभर मलमाच्या जाहिराती! म्हणून हे पत्र तानी ड्रायव्हरच्या बसने धाडतेय. असुन्सिओनच्या बसतळावर तो तुझ्या हातात देईल. दिलं नाही तर मला सांग, त्याची खरडपट्टी काढते.

तर परवा क्रूसाचा दिवस झाला. दरवर्षीसारखा अंगणात क्रूस उभा केला, वर फांद्यांचा मांडव घातला आणि मांडवाला चीज आणि बडीशेपेच्या भाजक्या चिपा टांगल्या. पोपट, मगरी, शिड्या, कबुतरं, हात लागेल त्या आकाराच्या. तुझा बाप गेला त्या वर्षी मी क्रूसाला शब्द दिला होता, की ही भट्टी पेटती आहे तोवर या दिवशी माझ्या अंगणात कुणी पैसे द्यायचे नाहीत. सिंफोरिआनोच्या नावाने एक प्रार्थना म्हणायची, चिपा तोडायची आणि खात खात घरी जायचं. तो जन्मभर बसमध्ये टोपली घेऊन ओरडत हिंडला, 'चिपा, गरम चिपा!' आता वर्षातून एकदा तरी लोकांनी त्याच्या नावाने तोंड उघडावं, एवढंच माझं म्हणणं.

यंदा सेफेरिनाने मांडवाचा फोटो काढून झुंबालूवर चढवला. खाली लिहिलं, 'देओलिंदाबाईंची चिपा. भाव शून्य, फक्त एक प्रार्थना.' तिचीही चिपाचीच भट्टी, आम्ही एकमेकींच्या मालाला नावं ठेवण्यात उभा जन्म घालवला, पण या वेळी चांगुलपणाने केलं हं तिने.

आणि मग काय सांगू! दुपारपासून फोन जो वाजायला लागला तो थांबेचना. काकुपेहून मागणी, सान लोरेन्सोहून मागणी, थेट राजधानीतून मागणी. झुंबालूची फटफटीवाली पोरं भट्टीसमोर रांग लावून उभी. दोन दिवस झाले, आम्ही पाच बायका पीठ मळतोय, हात दिसेनासे झालेत. अगं, तुझ्या बापाला एवढे लोक ओळखत होते? मी तर रडले. पिठात पडू नये म्हणून बाहेर जाऊन रडले.

तुझी आत्या,
देओलिंदा


असुन्सिओन, ८ मे

आत्या,

पत्र मिळालं. तानीने हातात दिलं, पण सोबतच्या चिपा वाटेत 'सांडल्या' म्हणाला. त्याच्या मिशीत चीज होतं.

बाबांबद्दलचं वाचून मलाही रडू आलं, पण मधेच थांबलं. एक कर. फोन हातात घे, झुंबालू उघड आणि तुझ्या चिपाखाली भाव काय लिहिलाय तो बघ. तू लावला होतास तो नव्हे, आत्ता काय दिसतोय तो. आणि सही करताना तुला जो करार दिला होता, तो कुणाकडून तरी वाचून घे. त्यात 'सर्वांत कमी भाव' असं एक कलम असेल.

मला कसं माहीत, ते विचारू नकोस. मी आयोगात काय करते ते तुला ठाऊक आहे: कुठल्या बड्या कंपनीने बाजार मुठीत धरलाय ते बघायचं. सध्या कुठली कंपनी, हे मी माझ्या उशीलासुद्धा सांगत नाही.

आणि आधी पीठ मळणं थांबव!

तुझी,
जेरुती


बर्रेरो, १२ मे

जेरुती,

शून्य! शून्य लिहिलंय!

कलम वाचून घेतलं. सेफेरिनाच्या जावयाने वाचलं आणि वाचता वाचता त्याचा चेहरा उतरला. म्हणे, मी जगाच्या पाठीवर कुठेही माझी चिपा कमी भावाने दिली, तर झुंबालूवरही आपोआप तोच भाव लागणार. यंत्र दिवसरात्र फोटो बघत असतं. त्याने आमचा मांडव बघितला, 'भाव शून्य' वाचलं आणि मला शून्यावर बसवलं. देवाघरच्या कामाचा भाव यंत्राला काय कळणार? आणि मी मूर्ख, इतके दिवस अख्ख्या देशाला फुकट खाऊ घालत होते आणि वर म्हणत होते, बघा माझा भाऊ किती लोकप्रिय!

भाव वाढवायला गेले, तर फोनवर रंगीत कागद उडाले आणि लिहून आलं, 'अभिनंदन! तुमचं दुकान ग्राहकांचं लाडकं आहे!' त्याखाली बारीक अक्षरात: महिनाभर कुठेही नव्या भावाहून कमी भाव दिसला नाही, तरच भाव वाढवता येईल. आणि पुन्हा कधी फुकट वाटणार नाही असं लिहून द्यावं लागेल. म्हणजे क्रूसाला दिलेला शब्द मोडायचा आणि झुंबालूला द्यायचा!

तू म्हणशील, सोड त्यांना. कशी सोडू? नवा महामार्ग गावाबाहेरून गेल्यापासून एक बस भट्टीसमोर थांबत नाही. विकतं ते सगळं झुंबालूवरून. आणि त्यांनी स्वतःचीच 'झुंबाचिपा' काढलीये ती बघितलीस का? माझी कुठल्या वेळी जास्त खपते, कुठल्या गल्लीत खपते, सगळं त्यांना माझ्याकडूनच कळलं आणि त्याच गल्लीत, त्याच वेळी, आपली चिपा यादीत सगळ्यात वर! आयत्या बिळावर नागोबा. चव विचारू नकोस. ओला पुठ्ठा बरा.

पण आत्या गप्प बसणारी नाही. मी तक्रार केलीये. कुठे माहितीये? तुझ्याच आयोगात! वरच्या कोपऱ्यात ठळक लिहिलं, 'माझी भाची तुमच्याकडेच कामाला आहे.' आता बघ कसं काम भराभर होतं ते. सोबत एक टोपली चिपा, तुझ्या साहेबांसाठी.

देओलिंदा


असुन्सिओन, १७ मे

आत्या, आत्या, आत्या,

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

हो, ती कंपनी झुंबालूच. आता सांगायला हरकत नाही, कारण कालपासून ते काम माझ्याकडे नाही. तुझी तक्रार आली, 'माझी भाची' वाचलं गेलं आणि आमच्या प्रमुख डॉक्टर झुनिल्दा रिकेल्मे यांनी मला आत बोलावलं. त्या हसत नाहीत. त्यांना हसताना बघितलेला माणूस अजून कुणाला भेटलेला नाही. वर्षभर मी ज्या कामावर घासले, त्यातून मला बाहेर काढलं. बरोबरच आहे, नात्यातल्या माणसाच्या तक्रारीवर मी बसायचं नाही. पण आत्या, मी जिन्यात जाऊन दहा मिनिटं भिंतीला डोकं टेकून उभी होते.

वर तुझी टोपली! आम्हाला भेट घेता येत नाही. शिपायाने ती टेबलावर ठेवली आणि अख्ख्या मजल्यावर बडीशेपेचा वास सुटला. लोक कामाच्या निमित्ताने टेबलाभोवती घिरट्या घालायला लागले. डॉक्टरीणबाईंनी टोपलीवर कागदी पट्टी चिकटवली, सही केली आणि परत तानीच्या बसवर धाडली.

यापुढे मी तुला या प्रकरणावर एक शब्द सांगू शकत नाही. तुला लिहिलेलं प्रत्येक पत्र डॉक्टरीणबाई आधी वाचणार, अशी अट आहे. म्हणजे हेसुद्धा.

तुझी (आणि तरीही तुझीच),
जेरुती

वाचले. आक्षेप नाही. मी कधी कधी हसते. झु. रिकेल्मे


बर्रेरो, ३ जून

जेरुती बाळा,

(डॉक्टरीणबाई, तुम्हालाही नमस्कार. टोपली पोचली. पट्टी शाबूत होती, आत चिपा नव्हत्या. तानीने बुडातून हात घातला.)

माझ्यामुळे तुझं काम गेलं, हे वाचून मी दोन दिवस धड जेवले नाही. मला वाटलं नात्याने काम होतं. आमच्या वेळी व्हायचं गं.

तुझ्या आयोगाचा एक माणूस येऊन गेला. भला होता, पाण्याशिवाय काही घेतलं नाही. तो म्हणाला, झुंबालूचा वकील सांगतो की कमी भावाचा नियम सगळ्यांना सारखा आहे, आमच्या स्वतःच्या झुंबाचिपालाही. मग यात अन्याय कुठला? मी त्याला म्हटलं, भल्या माणसा, तोंड दाबून बुक्क्यांचा मार चाललाय माझ्यावर. तो म्हणाला, तेवढं पुरत नाही, काहीतरी दाखवावं लागेल.

आता शून्य भावाच्या मागण्या मी घेत नाही म्हणून यादीत मला तळाला ढकललंय. भट्टी एक दिवसाआड पेटते. पाचातल्या दोघी बायका आपापल्या बहिणींकडे कामाला गेल्या. सेफेरिना म्हणते, दे लिहून आणि हो मोकळी, क्रूस समजून घेईल. घेईलही. पण मी समजून घेईन का? तुझ्या बापाला मी काय सांगू, की झुंबालूची परवानगी नव्हती?

म्हणून आम्ही दोघींनी एक बेत केलाय. सान हुआनचा सण येतोच आहे. बेत तुला सांगत नाही, कारण या प्रकरणात तू आता मुकी-बहिरी. पण झुंबालूला त्याच्याच तव्यावर भाजायचं ठरलंय.

देओलिंदा


असुन्सिओन, ६ जून

आत्या,

काहीही करू नकोस. काय करायचं ठरवलंयस ते मला माहीत नाही, आणि म्हणूनच जास्त भीती वाटतेय. तू आणि सेफेरिना एका बाजूला आहात हे वाचूनच मला पाणी प्यावं लागलं.

जेरुती

वाचले. आक्षेप नाही. झु. रिकेल्मे


बर्रेरो, २६ जून

जेरुती,

हरलो. पण आधी मजा ऐक, मग हरल्याचं सांगते.

सान हुआनचा सण म्हणजे मैदानात अर्धा जिल्हा. पेटलेल्या चिंध्यांचा चेंडू लाथाडणारी पोरं, शिंगांना जाळ लावलेला खोटा बैल, त्याच्यापुढे किंचाळत पळणाऱ्या बायका. आणि तो चरबी चोपडलेला खांब, त्याच्या टोकाला बक्षीस बांधतात. या वर्षी बक्षीस काय होतं? झुंबाचिपाची पिशवी!

बेत असा. सेफेरिनाने तिच्या फोनवरून झुंबाचिपा मागवली, मी माझ्या, शेजारणींनी त्यांच्या. सगळी टोपलीत ओतली आणि मैदानात फुकट वाटली. वर फळी लावली, 'झुंबाचिपा. भाव शून्य.' म्हटलं, माझा मांडव बघतोस ना, मग आता हा खांबही बघ! तुझ्या स्वतःच्या चिपालाही लागू दे शून्य. फोटो तर इतके चढवले की सेफेरिनाच्या जावयाचा अंगठा सुजला. खांबावर तो जाडा अन्सेल्मो चढला, पुठ्ठ्यासारखी चिपा तोंडात धरून खाली घसरला आणि थेट सेफेरिनाच्या मांडीवर! ती उठेचना. मला वाटलं मेली. हसत होती.

दुसऱ्या दिवशी उजाडताच झुंबालू उघडला. माझी चिपा शून्यावरच. आणि झुंबाचिपा? होती त्याच भावाला, जशीच्या तशी, यादीत सगळ्यात वर. आम्ही दिवसभर बघत बसलो. आजही बघितलं. काही झालं नाही पोरी. त्या यंत्राने आमच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. एवढा खटाटोप, एवढा विकतचा पुठ्ठा, सगळं पाण्यात.

मी आता थकले. या महिनाअखेरीस लिहून देणार आहे. क्रूसाच्या दिवशी मांडव घालीन, पण रिकामा.

देओलिंदा


असुन्सिओन, २९ जून

आत्या!!

हवा छान आहे. आकाश निळं आहे. मी ठीक आहे. ठीक म्हणजे काय, तुझं पत्र वाचून मी न्हाणीघरात जाऊन नाचले, साबणावरून घसरले, तरी नाचले. शेजारीण विचारायला आली. मी तिच्याही गालाचा पापा घेतला.

का, ते सांगू शकत नाही. ओठ शिवलेत माझे. आत्या, मला इतकं काही सांगायचंय की पोटात दुखतंय!

एवढंच लिहिते:

███████████████
███████████████

बरं. मग आयोगाच्या दाराबाहेर, रस्त्यावरून दिसेल अशी जी पाटी लावली आहे, ती जशीच्या तशी उतरवून देते: 'चालू प्रकरणात कोणत्याही नागरिकास आपल्याकडील छायाचित्रे खिडकी क्रमांक दोनवर सकाळी सातपासून दुपारी एकपर्यंत जमा करता येतील. फसलेल्या, फाटलेल्या व पुसट छायाचित्रांचाही स्वीकार केला जाईल.' (फसलेल्या हा शब्द माझा.)

आणि देवाच्यान आत्या, काहीही लिहून देऊ नकोस!

नाचरी,
जेरुती

वाचले. दोन ओळी खोडल्या. पाटी सार्वजनिक आहे. नाचण्यावर आक्षेप नाही. झु. रिकेल्मे


बर्रेरो, ४ जुलै

जेरुती, माझ्या सोन्या,

कोण आहे तो?

लपवू नकोस. न्हाणीघरात नाच, पोटात दुखणं, ओठ शिवलेले, शेजारणीचे पापे. मीही तरुण होते. घरच्यांचं नाव काय, करतो काय, आणि लग्नाआधी पोटात दुखत असेल तर तेही आत्ताच सांग, मी रागावणार नाही. थोडी रागावेन.

हे एवढं लिहून पत्र मिटत होते, तेवढ्यात सेफेरिना आली. तिने तुझं पत्र वाचलं, पाटीचं दोनदा वाचलं आणि माझ्या कपाळावर टिचकी मारली. म्हणाली, 'अगं बावळट, नवरा कसला शोधतेस! वकील म्हणाला ना, नियम झुंबाचिपालाही सारखाच? मग तुझी शून्यावर आली आणि त्यांची का नाही आली?'

मग मीही उठून नाचले. घसरायला साबण नव्हता, पण सेफेरिना होती.

लिहून काही दिलेलं नाही, घाबरू नकोस. उद्या दोघी निघतोय. फोटो, सुजलेला अंगठा आणि जावई, सगळं घेऊन. तुझ्या साहेबीणबाईंना सांग की टोपली आणत नाही.

पण खरंच कुणी नाही का?

देओलिंदा


बर्रेरो, ५ ऑगस्ट

जेरुती,

सुनावणीला तुला दाराबाहेर बसवलं. काचेतून तुझं नुसतं नाक दिसत होतं, त्यावरून तुला काय कळलं कोण जाणे. म्हणून आत काय झालं ते लिहिते. बाहेर आल्यावर बोलता आलं असतं, पण मला तोंड दाखवायला नको वाटलं. सरळ बस गाठली.

तो झुंबालूचा वकील, डॉक्टर बारेइरो (तुमच्याकडे वकीलही डॉक्टरच). गुळगुळीत माणूस. म्हणाला, लोकांना चिपा स्वस्त मिळतेय, फुकट मिळतेय, तर नुकसान कुणाचं? खाणारा खूश आहे! मला वाटलं, खरंच की. मग मला बोलायला सांगितलं. मी सगळं घोकून आले होते, पण सिंफोरिआनोचं नाव घेतलं आणि सगळं विसरले. काहीतरीच बोलत गेले. भट्टीतली राख कशी काढायची ते सांगितलं. सेफेरिनाची चिपा संध्याकाळी दगड होते हेही सांगितलं, आणि ते सगळं तिथे टिपून घेतलं. ती अजून माझ्याशी बोलत नाहीये.

मग त्यांनी आमचे फोटो भिंतीवर मोठे करून दाखवले. अन्सेल्मो खांबावरून घसरताना, तोंडात झुंबाचिपा, मागे फळी, 'भाव शून्य'. अख्खी खोली फुटली. तुझी झुनिल्दा बाई खाली मान घालून कागद शोधत होती. खांदे हलत होते, मी बघितलं.

मग तिने वर बघून विचारलं, 'डॉक्टर, देओलिंदाबाईंचा एक फोटो, तर भाव शून्य. तुमच्या चिपाचे एवढे फोटो, तरी भाव जागचा हलला नाही. नियम सारखा आहे म्हणालात ना?'

वकिलाला घाम फुटला. म्हणाला, तांत्रिक चूक आहे, यंत्रातली. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला: 'या क्षणापासून नियम आमच्या मालालाही लागू!' तिथेच फोन करून हुकूम सोडला. मग सुनावणी उठली.

म्हणजे काय झालं, सांग. नियम राहिलाच ना? त्यांनाही लागला, मलाही लागला. त्यांचं काय जातंय, त्यांचं पोट मोठं. मला मात्र क्रूसाचा दिवस परत मिळाला नाही. मी बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसले आणि तानीशीही भांडले नाही.

देओलिंदा


असुन्सिओन, १० ऑगस्ट

आत्या, अगं वेडाबाई!

तू घरी जाऊन खिडकी लावून बसलीस आणि इकडे शहरात जत्रा लागलीये! हे पत्र डॉक्टरीणबाईंनी वाचलेलं नाही. गरज उरली नाही. का, ते ऐक.

वकिलाने हुकूम सोडला आणि यंत्राने जुने फोटो पुन्हा बघितले. सान हुआनची फळी दिसली. तासाभरात झुंबाचिपा देशभर शून्यावर! फुकटचं ते पौष्टिक, लोक तुटून पडले. कचेऱ्यांत, शाळांत, बसतळावर, जिथे बघावं तिथे झुंबालूची पोरं पिशव्या घेऊन धावतायत. माझ्या घरमालकिणीने एवढी मागवली की कोंबड्यांना घातली. कोंबड्यांनी खाल्ली नाही.

संध्याकाळी झुंबालूला जाग आली. भाव वाढवायला गेले, तर त्यांच्याच यंत्राने त्यांना सांगितलं: महिनाभर कुठे फुकट दिसली नाही, तरच! आणि लोक काय करायला लागले माहितीये? एकाने फुकट घेतलेली चिपा शेजाऱ्याला फुकट द्यायची आणि फोटो चढवायचा, 'भाव शून्य'. अख्खं शहर या खेळात उतरलं. न्हावी गिऱ्हाइकाला देतोय, गिऱ्हाईक पोलिसाला देतोय, पोलीस फोटो काढतोय. म्हाताऱ्या रस्त्यात फांद्यांचे मांडव घालून पुठ्ठा टांगतायत आणि हसून हसून डोळे पुसतायत. दर फोटोला झुंबालूचा महिना पुन्हा पहिल्यापासून सुरू! गोदामं रिकामी झाली. बारेइरो आमच्या जिन्यात दिसला, गळपट्टा सैल, कुणाशी तरी फोनवर कुजबुजत होता, 'बंद करा, आधी ते बंद करा!' पण नुसतं स्वतःपुरतं बंद कसं करणार? नियम सगळ्यांना सारखा, हे त्यानेच भरल्या खोलीत सांगून ठेवलंय. स्वतःसाठी काढायचा तर सगळ्यांसाठीच काढावा लागणार.

काल दुपारी त्यांचा कागद आयोगात आला. कमी भावाचं कलम रद्द. तुझ्यासाठी, सेफेरिनासाठी, देशातल्या प्रत्येक दुकानासाठी. आणि ते पुन्हा मागच्या दाराने येऊ नये म्हणून आयोगाने स्वतःचा आदेश काढून दार लावून घेतलं. यादीत स्वतःचा माल वर ठेवायचा प्रकारही आता तपासात आहे. तो तपास कुणाकडे दिलाय, विचार.

माझ्याकडे! तुझी तक्रार निकाली निघाली, त्यामुळे नात्याची अडचण संपली. नव्या तपासात तुझं नाव नाही. कृपा करून येऊ देऊ नकोस.

मी बातमी ऐकली तेव्हा जिन्यात होते. तोच जिना, तीच भिंत. बाबांची खूप आठवण आली. रडले, पण आत्या, चांगलं रडले. तुझा दिवस तुझा झाला. कुणाला विचारायला नको.

तुझी,
जेरुती


बर्रेरो, १३ ऑगस्ट

जेरुती, माझ्या राणी,

पत्र सेफेरिनाने वाचून दाखवलं. मी डोळ्यांना रुमाल लावला होता आणि ती तरीही बोलत नव्हती, म्हणून नुसतं वाचलं आणि निघून गेली. दारात थांबून एवढंच म्हणाली, 'दगड तुझी चिपा होते.' म्हणजे सगळं ठीक झालं.

काल सकाळी फोन उघडला. भावाच्या जागी रिकामी चौकट आणि शेजारी लिहिलेलं, 'तुमचा भाव लिहा.' बाई गं, मला काय लिहावं तेच सुचेना! एवढे दिवस यंत्र सांगत होतं. चौकटीकडे बघत बसले, उगाच लाजल्यासारखं झालं. मग जुनाच भाव लिहिला. बायका परत बोलावल्या. पहाटे पाचही जणी पिठात होत्या.

आणि आज मी काय केलं सांगते. टोपली डोक्यावर घेतली आणि नव्या महामार्गाच्या कडेला जाऊन उभी राहिले. इतकी वर्षं वाट बघितली बस भट्टीकडे येण्याची, म्हटलं आपणच जाऊ. तुझा बाप ओरडायचा तशी ओरडले, 'चिपा, गरम चिपा!' आवाज फाटका निघाला, पण बस थांबली. चढले. लोकांनी घेतल्या. मागच्या बाकावर एक बाई होती, मांडीवर झोपलेलं मूल, माझ्याकडे न बघता बाहेर बघत होती. पैसे नसले की माणूस तसंच बाहेर बघतं. मी तिच्या हातात दोन ठेवल्या.

तिने विचारलं, 'आज काय आहे? नवस? सण?'

मी म्हटलं, 'काही नाही गं. आज नुसताच मंगळवार आहे.'

तुझी आत्या,
देओलिंदा